लिस्बन ते हेलसिंकी: हवाई अंतर नक्की किती, आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा?

उत्तरवाट

लिस्बन आणि हेलसिंकी या दोन विमानतळांमधलं अंतर शोधायला घेतलं तर दर संकेतस्थळावर वेगळा आकडा मिळतो. एकीकडे ३,३६४ किमी, दुसरीकडे ३,३७०, तिसरीकडे ३,३९४, आणि कार्बनचा हिशेब देणाऱ्या एका गणकात ३,४६४. मैलांत बघावं तर एक जागा १,८१७ सांगते आणि दुसरी २,०९१.

वेळेचंही तेच. ४ तास १२ मिनिटं आणि ४ तास ४२ मिनिटं असे दोन आकडे ठिकठिकाणी दिसतात. वेळापत्रक मात्र भलतंच सांगतं. समजा जाणारं विमान लिस्बनहून ११:३५ ला सुटून हेलसिंकीला १८:१० ला पोचतं आणि परतीचं ०७:४५ ला सुटून १०:४० ला लिस्बनला येतं. दोन शहरांच्या घड्याळांतला फरक वजा-अधिक केला तरी दोन्ही बाजूंचा वेळ सारखा येत नाही.

तर तीन प्रश्न. यातलं खरं अंतर कुठलं? दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश हातात असतील तर उड्डाणाचा वेळ घरच्या घरी, पाच-दहा मिनिटांच्या फरकाने, काढता येतो का? आणि उशीर झाल्यावर मिळणारी भरपाई अंतरावर ठरते असं म्हणतात, तिथे यातलं कुठलं अंतर धरतात?

कंपासकाटा

तुम्ही दिलेले अंतराचे सगळे आकडे बरोबर आहेत. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय, एवढंच. ३,३६४ हा आकडा एकदा स्वतः काढून बघा, मग बाकीच्यांचा उलगडा पटकन होईल.

लिस्बन विमानतळ: अक्षांश ३८.७७४ उत्तर, रेखांश ९.१३४ पश्चिम. हेलसिंकी विमानतळ: ६०.३१७ उत्तर, २४.९६३ पूर्व. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे बृहद्‌वृत्ताचा तुकडा. त्याचं सूत्र असं:

कोनीय अंतराचा कोसाइन = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

आकडे घालू. रेखांशांतला फरक २४.९६३ + ९.१३४ = ३४.०९७ अंश. पहिला गुणाकार ०.६२६३ × ०.८६८८ = ०.५४४१. दुसरा ०.७७९६ × ०.४९५२ × ०.८२८१ = ०.३१९७. बेरीज ०.८६३८. याचा व्यस्त कोसाइन ३०.२६ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर एका अंशाला १११.१९५ किमी पडतात. गुणाकार केला की ३,३६४ किमी. हातात दशांश कमी ठेवलेत तर शेवटी एक-दोन किमी इकडेतिकडे होतील.

३,३७० कुठून आला? पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे चपटी आहे. जीपीएस वापरतं तो लंबगोल धरला तर या मार्गावर पाच-सहा किमी वाढतात. हा आकडा जास्त काटेकोर आहे. प्रवासाच्या हिशेबात त्याने काही फरक पडत नाही.

३,३९४ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून, शेवटपर्यंत न वळता गेलं तर पडणारं अंतर. भिंतीवरच्या नेहमीच्या मर्केटर नकाशावर पट्टीने रेघ ओढली की हाच मार्ग मिळतो. नकाशावरची रेघ आणि खरा वक्र मार्ग यांत शेकडो किलोमीटरचा फरक असतो, असं सरसकट सांगितलं जातं. अटलांटिक किंवा पॅसिफिक ओलांडताना ते खरं आहे. युरोपच्या आत, एवढ्या लांबच्या जोडीतसुद्धा, फरक जेमतेम ३० किमी निघतो.

१,८१७ हे नॉटिकल मैल आहेत (एक नॉटिकल मैल १.८५२ किमी) आणि २,०९१ हे रस्त्यावरचे मैल (१.६०९ किमी). वैमानिक आणि नियंत्रक नॉटिकल मैलातच बोलतात. प्रवाशांसाठीच्या संकेतस्थळांवर नुसतंच 'मैल' लिहिलेलं असतं, तिथे घोळ होतो.

३,४६४ म्हणजे ३,३६४ अधिक १००. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन गणकात ५५० ते ५,५०० किमी अंतराच्या उड्डाणांना सरसकट १०० किमी वाढवून धरतात, कारण विमान अगदी जवळच्या रेषेवरून कधीच जात नाही. इंधनाचा अंदाज करायला हाच आकडा सगळ्यात कामाचा.

स्प्रेडशीटमध्ये हे करताना चुका ठरलेल्या असतात. लिस्बन पश्चिमेला आहे, म्हणून त्याचा रेखांश उणे ९.१३४ लिहायचा. उणे चिन्ह राहिलं तर उत्तर २,६४० किमीच्या आसपास येतं, आणि तेही दिसायला शक्य कोटीतलं वाटतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. दुसरं, स्प्रेडशीटला कोन रेडियनमध्ये लागतो. अंशच भरले तर काहीतरी निरर्थक उत्तर येतं. तिसरं, अंश-कला-विकला आणि दशांश यांची सरमिसळ. ३८ अंश ४६ कला २७ विकला म्हणजे ३८.४६२७ नव्हे. ४६ ला ६० ने आणि २७ ला ३,६०० ने भागून मिळवायचं, तेव्हा ३८.७७४ येतात. आणि दिशा काढायला दोन मापांचं आर्कटॅन (ATAN2) वापरणार असाल तर बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत आधी उभं माप देतात, एक्सेलमध्ये आधी आडवं. क्रम चुकला की दिशेचं पार उलटंसुलटं होतं.

या मार्गाचा आकारही बघण्यासारखा आहे. लिस्बनहून निघताना खऱ्या उत्तरेपासून दिशा ३३ अंश, म्हणजे ईशान्येपेक्षाही उत्तरेकडे झुकलेली. हेलसिंकीला पोचताना तीच ६० अंश झालेली असते. पाव अंतरावर तुम्ही बिस्केच्या उपसागरावर असता, बरोबर मध्यावर ब्रसेल्सच्या पश्चिमेला पंचवीस-तीस किमी, आणि पाऊण अंतरावर दक्षिण स्वीडनमध्ये, माल्मोच्या उत्तरेला साधारण ४० किमी.

समांतर६०

वरच्यात एक भर. काही संकेतस्थळं विमानतळ ते विमानतळ मोजतच नाहीत, शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजतात. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे आणि हेलसिंकीचा शेजारच्या वानता शहरात, त्यामुळे इथे काही किलोमीटरच हलतात. पण 'फ्रँकफर्ट' म्हणून विकला जाणारा हान विमानतळ त्या शहरापासून शंभराहून जास्त किमी दूर आहे. विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघितल्याशिवाय अंतराच्या आकड्यावर विसंबू नये.

टेलविंड

वेळेचं उत्तर मी देतो.

तुम्हाला दिसलेले दोन्ही आकडे एका भागाकारातून आलेत. ३,३६४ ला ताशी ८०० किमीने भागलं की ४ तास १२ मिनिटं. त्यात चढण्या-उतरण्याची म्हणून ३० मिनिटं मिळवली की ४ तास ४२ मिनिटं. वारा, खरा मार्ग, जमिनीवरची हालचाल, यातलं काहीच त्यात नाही. दुसरा आकडा योगायोगाने जवळपास जातो, पण जाण्या-येण्याला एकच वेळ सांगतो आणि तिथेच चुकतो.

आधी वेळेचे दोन प्रकार वेगळे करू. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या गेटवर चाकांना ठोकळे लागेपर्यंत जातो तो ब्लॉक टाइम. तिकिटावर छापतात तो हाच. चाकं जमीन सोडतात तिथपासून परत टेकेपर्यंतचा तो हवेतला वेळ. समोरच्या पडद्यावर 'उरलेला वेळ' म्हणून दाखवतात तो बहुधा उतरेपर्यंतचा असतो, गेटपर्यंतचा नाही.

आता हिशेब. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ धरा.

मार्गाची लांबी: ३,३६४ मध्ये साधारण ३ टक्के वाढवा. ३,४७० किमी होतात. ही वाढ कशाने होते? उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेत सरळ जाऊन मगच वळावं लागतं, उतरताना ठरलेल्या रांगेत शिरावं लागतं, वाटेत लष्करी सरावाची क्षेत्रं बंद असतात, कधी एखाद्या देशाच्या आकाशात गर्दी असते म्हणून बाजूने न्यावं लागतं. पूर्वी ठरावीक हवाई रस्त्यांवरूनच जावं लागायचं. आता युरोपच्या बऱ्याच भागात वरच्या उंचीवर मुक्त मार्गाची मुभा आहे, म्हणून ही वाढ एवढ्यावर राहते.

चढण: ३६,००० फुटांपर्यंत जायला २२ मिनिटांच्या आसपास आणि २३० किमी. सुरुवातीला, १०,००० फुटांखाली, वेग २५० नॉटपेक्षा (तासाला २५० नॉटिकल मैल) कमी ठेवतात, म्हणून पहिली काही मिनिटं विमान फारसं अंतर कापत नाही.

उतरण: हजार फुटांतली उंची गुणिले तीन, तितके नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचं. ३६ × ३ = १०८ नॉटिकल मैल, म्हणजे २०० किमी. वेग कमी करायला आणखी थोडं. २३० किमी आणि २५ मिनिटं धरा.

मधला टप्पा: ३,४७० − ४६० = ३,०१० किमी. या विमानांचा नेहमीचा वेग मॅक ०.७८, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट. त्या उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस, तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला २९५ मीटर. ०.७८ ने गुणलं तर २३० मीटर, म्हणजे ताशी ८२८ किमी. वारा नसेल तर ३,०१० किमीला ३ तास ३८ मिनिटं.

बेरीज: २२ मिनिटं + ३ तास ३८ मिनिटं + २५ मिनिटं = ४ तास २५ मिनिटं हवेत.

आता वारा. या अक्षांशांवर, त्या उंचीवर, वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. जाताना सरासरी ताशी ५० किमीचा धक्का मागून मिळाला तर जमिनीच्या सापेक्ष वेग ८७८ होतो आणि मधला टप्पा ३ तास २६ मिनिटांत संपतो. येताना तोच वारा समोरून, वेग ७७८, वेळ ३ तास ५२ मिनिटं. हवेतला वेळ जाताना ४ तास १३ मिनिटं, येताना ४ तास ३९ मिनिटं.

यात जमिनीवरची हालचाल मिळवा. लिस्बनला एकच धावपट्टी वापरात आहे, उड्डाणाआधी रांग लागते, म्हणून १५ मिनिटं. हेलसिंकीला उतरल्यावर ६-७. उलट बाजूने हेलसिंकीला निघताना १० आणि लिस्बनला उतरून ७. ब्लॉक टाइम येतो: जाताना ४ तास ३५ मिनिटं, येताना ४ तास ५६ मिनिटं.

आता तुमचं वेळापत्रक बघा. लिस्बन आणि हेलसिंकी यांच्यात घड्याळाचा फरक दोन तासांचा, हेलसिंकी पुढे. ११:३५ ते १८:१० म्हणजे ६ तास ३५ मिनिटं, त्यातून दोन तास वजा, ४:३५ राहिले. परतीचे २ तास ५५ मिनिटं, त्यात दोन मिळवले, ४:५५. उरलेला वीस मिनिटांचा फरक वारा आणि धावपट्टीवरची रांग यांचा आहे.

या जोडीत दोन तासांचा फरक वर्षभर कायम राहतो. युरोपीय संघातले सगळे देश मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी, जागतिक वेळेनुसार रात्री एक वाजता, घड्याळं बदलतात.

उत्तरवाट

फारच उपयोगी. दोन शंका. वाऱ्याचा वेग हवामानाच्या नकाशावरून घेतला तर तो सगळाच्या सगळा मिळवायचा का? आणि जाताना वाचलेला वेळ येताना गेला, म्हणजे फेरीचा एकूण वेळ वारा नसताना जेवढा तेवढाच राहतो ना?

टेलविंड

दोन्हींचं उत्तर 'नाही'.

वाऱ्याचा फक्त मार्गाच्या दिशेतला भाग धरायचा. वाऱ्याची दिशा आणि विमानाची दिशा यांच्यातल्या कोनाचा कोसाइन घ्या आणि वेगाला गुणा. कंपासकाटा यांनी दिशा दिल्याच आहेत. बरोबर पश्चिमेकडून ताशी १०० किमीचा वारा असेल तर तो पूर्वेकडे, ९० अंशांकडे ढकलतो. लिस्बनजवळ विमानाची दिशा ३३, कोन ५७ अंशांचा, कोसाइन ०.५४, मदत ५४ किमी. हेलसिंकीजवळ दिशा ६०, कोन ३०, कोसाइन ०.८७, मदत ८७ किमी. तोच वारा मार्गाच्या दुसऱ्या टोकाला दीडपट कामाचा होतो. उरलेला भाग बाजूने ढकलतो, आणि त्याला तोंड द्यायला विमान नाक थोडं वाऱ्याकडे वळवून उडतं.

हवामानाच्या नकाशावर वाऱ्याची दिशा तो जिथून येतो ती लिहितात आणि विमानाची दिशा ते जिकडे जातं ती. इथे १८० अंशांची गल्लत झाली की मागचा वारा समोरचा होऊन बसतो.

फेरीच्या बाबतीत वारा नेहमी नुकसानच करतो, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. ताशी ५० किमीला फरक मिनिट-दोन मिनिटांचा, म्हणून वरच्या हिशेबात तो दिसला नाही. हिवाळ्यात जेट स्ट्रीम (उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा) मार्गावर आली आणि मार्गाच्या दिशेतला वारा ताशी १५० झाला तर मधला टप्पा जाताना ३ तास ५ मिनिटं, येताना ४ तास २६ मिनिटं. बेरीज ७ तास ३१ मिनिटं. वाऱ्याविना ती ७ तास १६ मिनिटं झाली असती. पंधरा मिनिटं आणि तेवढं इंधन जादा गेलं. अशा दिवशी नियोजन करणारे परतीचं विमान मुद्दाम जवळच्या रेषेपासून बाजूला नेतात. जमिनीवर शंभर किलोमीटर जास्त कापून वेळ कमी लागतो.

समांतर६०

याला जोडून एक गोष्ट, कारण 'वैमानिक वेग वाढवून उशीर भरून काढेल' ही अपेक्षा सर्रास असते. मॅक ०.७६ आणि ०.७८ यांत ३,०१० किमीवर फरक पडतो जेमतेम सहा मिनिटांचा. ०.७८ च्या वर फार जागाही नसते. उशीर भरून निघतो तो वेळापत्रकात आधीच ठेवलेल्या सैल मिनिटांतून, आणि नियंत्रकांनी वाटेत सरळ रस्ता दिला तर त्यातून. गेटवर तासभर उशीर झाला असेल तर हवेत दहा-पंधरा मिनिटं वाचतील, जास्त नाही.

तो तासभर बऱ्याचदा स्लॉटमुळे जातो. वाटेतल्या एखाद्या आकाशखंडात किंवा उतरायच्या विमानतळावर गर्दी होणार असेल तर युरोकंट्रोल या युरोपच्या हवाई वाहतुकीचा मेळ घालणाऱ्या संस्थेचा जाळे-व्यवस्थापक विमानाला उड्डाणाची ठरावीक वेळ देतो. त्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत चाकं उचलली पाहिजेत. एखाद्या प्रवाशाची बॅग खाली उतरवण्यात ती खिडकी हुकली तर नवा स्लॉट अर्ध्या तासानंतरचाही मिळू शकतो. दारं बंद करून विमान तसंच उभं राहतं ते बहुधा यासाठीच.

हेलसिंकीहून हिवाळ्यात निघताना बर्फ काढायची १० ते २० मिनिटं वेगळी धरा. ती गेट सोडल्यावर जातात, त्यामुळे विमान 'वेळेवर सुटलं' असं नोंदलं जातं आणि पोचायला मात्र उशीर होतो.

कलम७

भरपाईचा प्रश्न राहिलाय.

युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम. त्याच्या कलम ७ मध्ये रकमा अंतरावर ठरवल्यात आणि अंतर बृहद्‌वृत्तानेच मोजायचं असं तिथेच लिहिलंय. म्हणजे कंपासकाटा यांनी काढलेलं ३,३६४. विमान प्रत्यक्षात किती फिरलं, वाटेत वादळ टाळायला किती वळसा घेतला, याचा काही संबंध नाही.

टप्पे असे: १,५०० किमीपर्यंत २५० युरो. संघाच्या आतली १,५०० च्या वरची सगळी उड्डाणं, आणि बाहेरची १,५०० ते ३,५०० मधली, ४०० युरो. त्याहून लांबची, संघाबाहेरची, ६०० युरो. लिस्बन–हेलसिंकी दोन्ही टोकं संघात, म्हणून ४०० युरो. रक्कम माणशी असते, तिकिटाच्या किमतीशी तिचा संबंध नाही.

सीमेवरची जोडी घेतली की बृहद्‌वृत्ताचा नियम नीट समजतो. लिस्बन ते पॅरिस शार्ल द गॉल १,४७० किमी आहे. प्रत्यक्ष उड्डाण १,५०० च्या वर सहज जातं. तरी भरपाई २५० युरोच. वरच्या कार्बन गणकातला १०० किमी वाढवलेला आकडा दाव्यात घातला तर तो टिकणार नाही.

रद्द झालेल्या उड्डाणाबद्दल नियमात स्पष्ट लिहिलं होतं. उशिराला भरपाई लागू झाली ती युरोपीय न्यायालयाच्या २००९ च्या निकालाने: शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर. हा उशीर चाकं टेकल्याच्या वेळेवर मोजत नाहीत, गेटवर लागल्याच्याही नाही. विमानाचं एखादं दार उघडून प्रवाशांना उतरायची परवानगी मिळते तो क्षण धरायचा, असं न्यायालयाने २०१४ मध्ये साल्झबुर्ग–कोलोन/बॉन उड्डाणाच्या खटल्यात ठरवलं. उड्डाणांचा मागोवा ठेवणारी संकेतस्थळं उतरल्याची वेळ दाखवतात. २ तास ५५ मिनिटं उशिरा उतरलेलं विमान गेटवर लागून दार उघडेपर्यंत तीन तासांच्या पलीकडे गेलेलं असू शकतं. दार उघडलं तेव्हाच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवलेला बरा.

विमान बदलून जाणार असाल तर? फ्रँकफर्टमार्गे लिस्बन–फ्रँकफर्ट १,८७४ आणि फ्रँकफर्ट–हेलसिंकी १,५३८, बेरीज ३,४१२ किमी. थेट मार्गापेक्षा फक्त ४८ जास्त, कारण फ्रँकफर्ट त्या रेषेच्या जवळच आहे. दोन्ही टप्पे एकाच बुकिंगमध्ये असतील तर भरपाईसाठी पहिलं टोक ते शेवटचं टोक एवढंच अंतर मोजतात, मधला विमानतळ धरत नाहीत. २०१७ मध्ये रोम–ब्रसेल्स–हॅम्बुर्ग प्रवासाच्या खटल्यात हे ठरलं. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर प्रत्येक उड्डाण स्वतंत्र. पहिलं उशिरा आलं म्हणून दुसरं चुकलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कुणावरच नाही.

जेवणखाणाची सोयसुद्धा अंतरावर ठरते आणि ती फार कमी लोक मागतात. १,५०० किमीपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर होणार असेल तर खाणंपिणं द्यावं लागतं, लिस्बन–हेलसिंकीसारख्याला तीन तासांनंतर. ही सोय वादळ किंवा नियंत्रकांचा संप असला तरी द्यावीच लागते. अशा 'असाधारण परिस्थिती'त माफ होते ती रोख भरपाई. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड सहसा असाधारण धरत नाहीत. उशीर पाच तासांवर गेला तर प्रवास सोडून तिकिटाचे पैसे परत मागता येतात.

या नियमात बदल करायचे प्रस्ताव युरोपीय संघात मांडले गेलेत. दावा करताना त्या तारखेला लागू असलेला मजकूर वाचून घ्या.

कंपासकाटा

टेलविंड यांचा ३ टक्क्यांचा नियम कुठे चालत नाही ते सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी तो सगळ्या युरोपला लावेल.

हेलसिंकी–इस्तंबूल घ्या. बृहद्‌वृत्ताने २,१३३ किमी. ती रेषा एस्टोनिया, लाटविया ओलांडून बेलारूस आणि युक्रेनवरून खाली जाते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे आणि युरोपीय संघाच्या कंपन्या बेलारूसवरून २०२१ पासूनच जात नाहीत. म्हणून विमान पोलंडकडे सरकून रोमानिया, बल्गेरियावरून उतरतं. इथे टक्केवारी लावू नका. वळणाचे बिंदू नकाशावर ठरवा, प्रत्येक तुकड्याचं बृहद्‌वृत्त अंतर त्याच सूत्राने काढा आणि बेरीज करा. तीन-चार बिंदू पुरतात. भरपाईसाठी मात्र इथेही २,१३३ च धरतात. आणि संघाबाहेरच्या टोकामुळे आणखी एक फरक आहे: हेलसिंकीहून निघणारं विमान कुठल्याही कंपनीचं असलं तरी नियम लागू, इस्तंबूलहून हेलसिंकीला येणारं असेल तर कंपनी युरोपीय संघातली असेल तरच.

दुसऱ्या बाजूला अगदी छोटी उड्डाणं. हेलसिंकी–टालिन शंभर किमीच्या आसपास आहे. तिथे धावपट्टीच्या दिशेनुसार घेतलेला वळसाच मूळ अंतराच्या चौथाई-तिहाई होतो, आणि विमान ३६,००० फुटांवर जातच नाही. साधारण ५०० किमीच्या खाली टक्केवारीऐवजी सरसकट ४०-५० किमी मिळवा आणि वेळ काढताना मॅक विसरून सरासरी वेग ताशी ४५० ते ५५० धरा.

घड्याळाचं गणितही इस्तंबूलला बदलतं. तुर्कस्तानने २०१६ पासून घड्याळ वर्षभर जागतिक वेळेच्या तीन तास पुढे ठेवलंय. त्यामुळे उन्हाळ्यात हेलसिंकी आणि इस्तंबूलची वेळ एकच असते, हिवाळ्यात इस्तंबूल एक तास पुढे. वेळापत्रकाच्या दोन आकड्यांवरून उड्डाणाचा वेळ काढताना तारीख आधी बघायची, ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या अलीकडची आहे की पलीकडची. आइसलँडही घड्याळ बदलत नाही, तिथेही हेच करावं लागतं.